चित्राखालची सही आणि करारावरची सही



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे चित्रकला शिकलो. इंदूर हे चित्रकलेचे गाव. दत्तात्रय देवळालीकरांनी येथे चित्रकलेची शाळा चालविली आणि नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी तेथून बाहेर पडले. गुरुजी त्या परंपरेविषयी अभिमानाने बोलत. स्वतःविषयी मात्र फारसे बोलत नसत. त्यांचे दोन नियम त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवत असतील. पहिला, चित्र पुरे झाले की उजव्या कोपऱ्यात आपले नाव घालायचे. दुसरा, दुसऱ्याने हात लावलेल्या चित्राखाली एकट्याचे नाव घालायचे नाही. शेजाऱ्याने नुसते आकाश रंगवून दिले असले, तरी त्याचे नाव आले पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. आम्ही त्या वयात याला गुरुजींचा छंद समजत होतो.

मी पुढे पस्तीस वर्षे मुलांच्या मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रे काढून पोट भरले. त्या काळात मला दोन प्रकारच्या सह्या कराव्या लागल्या. एक चित्राखालची, दुसरी पावतीवरची किंवा करारावरची. पहिली सही सांगते की हे मी केले. दुसरी सांगते की हे आता माझे नाही. या दोन सह्यांमधले नाते काय, आणि आपल्याला काम देणाऱ्या प्रकाशकाची बाजू चारचौघांत घेण्याची वेळ आली तर चित्रकाराने काय करावे, एवढ्या दोन प्रश्नांविषयी आज बोलावयाचे आहे.

उदाहरणे बहुतांशी अमेरिकेतील चित्रकथांची घेणार आहे. तेथे हा वाद जवळजवळ नव्वद वर्षे चालला, न्यायालयात गेला आणि कागदोपत्री नोंदला गेला. शिवाय त्या चित्रकथा आपल्याला परक्या नाहीत. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा फँटम ‘वेताळ’ या नावाने आपल्या घरांत आला. आम्ही ते अंक दप्तरात लपवून वाचले. वेताळाच्या बोटातली कवटीची अंगठी आम्हाला डोळे मिटूनही काढता येई; पण ही चित्रे काढतो कोण, असा प्रश्न वर्गातील एकाच्याही मनात आला नाही. वाचकाला चित्रकार दिसत नाही, आणि या सगळ्या गोष्टीचा आरंभ तेथेच आहे.

क्लीव्हलँड शहरातील ग्लेनव्हिल हायस्कुलात जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन विद्यार्थी होते. एक लिहिणारा, दुसरा काढणारा. दोघेही १९१४ साली जन्मलेले, साध्या ज्यू कुटुंबांतील. सुपरमॅनची कल्पना त्यांनी १९३३ च्या सुमारास उभी केली आणि पुढची काही वर्षे ती घेऊन ते प्रकाशकांची दारे ठोठावीत राहिले. अखेर १९३८ च्या मार्चमध्ये ती स्वीकारली गेली. तेरा पाने, पानाला दहा डॉलर, म्हणजे एकशे तीस डॉलर. त्या रकमेबरोबर त्यांनी एका कागदावर सही केली आणि त्या सहीने सुपरमॅन कायमचा प्रकाशकाचा झाला. इतर कामाचे पैसे धरून जो ४१२ डॉलरचा धनादेश त्यांना मिळाला, त्यावर दोघांच्याही नावांची अक्षरे चुकलेली होती. तोच धनादेश २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. ज्या कागदाने त्यांना १३० डॉलर दिले, तो कागदच पुढे त्याच्या कितीतरी पट किमतीचा ठरला!

त्या दोघांना फसविले, असे एका वाक्यात म्हणणे सोपे आहे. मंदीचे दिवस होते. पानाला दहा डॉलर हा त्या धंद्यातील रूढ दर होता. आणि सुपरमॅन चालेल याची खात्री प्रकाशकालाही नव्हती. पुढे अनेक वर्षे या दोघांना काम मिळाले आणि पैसाही मिळाला. परंतु १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला तेव्हा चित्र पालटले. पुढील वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, काम गेले, आणि सुपरमॅनच्या पानावरून त्यांची नावेही गेली. गुरुजींचा पहिला नियम येथे मोडला गेला. पैशाचा वाद होता, तो मिटला. पण निर्माता कोण हे तर वादात नव्हते. तरीही नाव पुसले गेले, कारण नाव ठेवणे वा न ठेवणे हे त्या दुसऱ्या सहीने प्रकाशकाच्या हाती गेले होते.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असल्याची बातमी आली. शूस्टर यांची दृष्टी तोवर अगदी अधू झाली होती. सीगल यांनी वृत्तपत्रांना पत्रक पाठविले आणि नील अ‍ॅडम्स व जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले. अ‍ॅडम्स हे त्याच प्रकाशनसंस्थेसाठी नामांकित काम केलेले चित्रकार होते. त्यांना स्वतःला काही मागावयाचे नव्हते. त्यांच्या खटपटीने त्या डिसेंबरात दोघांनाही प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर तहहयात आणि पानावर नाव, असे ठरले. कायद्याने कंपनीवर हे बंधन नव्हते. लाजेने जे घडते ते पुष्कळदा कायद्याने घडत नाही, आणि ही लाज वाटावयास लावणारा मनुष्य त्याच धंद्यातला होता.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत ‘वर्क मेड फॉर हायर’ नावाची एक कल्पना आहे. आपण तिला मोलाने करवून घेतलेले काम म्हणू. अशा कामात चित्रकार आपला हक्क विकतो, असे कायदा मानत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो हक्क त्याचा कधी नव्हताच. त्या कृतीचा ‘कर्ता’च मुळी मालक असतो. हा भेद बारीक वाटेल. परंतु त्याचे परिणाम मोठे आहेत. तेथील कायद्यात विकलेला हक्क काही दशकांनंतर निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना परत मागता येतो. जे कधी तुमचे नव्हतेच, ते मात्र परत मागता येत नाही. १ जानेवारी १९७८ पासून लागू झालेल्या कायद्याने काही बंधने घातली. पगारी नोकर नसलेल्या कलावंताचे काम ठराविक प्रकारांत बसत असेल आणि तसा लेखी, सहीचा करार असेल, तरच ते या वर्गात मोडू लागले. त्यापूर्वीच्या कामांना मात्र जुनाच निकष लागे. काम कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या खर्चाने झाले, एवढेच तो निकष पाहत असे.

या निकषाचा सर्वांत प्रसिद्ध बळी कोण, असे विचारले तर जॅक कर्बी यांचे नाव घ्यावे लागेल. फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन ही सारी मंडळी १९६१ ते १९६३ या तीन वर्षांत, लेखक-संपादक स्टॅन ली आणि चित्रकार कर्बी यांच्या सहकार्यातून, मार्व्हलच्या अंकांत जन्मली. कर्बी घरच्या टेबलावर बसून चित्रे काढीत. त्यांना पगार नव्हता. स्वीकारलेल्या पानाचे पैसे मिळत. पुढे १९८० च्या दशकात मार्व्हलने जुनी मूळ चित्रे चित्रकारांना परत देण्याचे ठरविले, तेव्हा इतरांना एका पानाच्या कागदावर सही करावी लागली आणि कर्बींपुढे चार पानांचा कागद ठेवला गेला. त्यांनी सही नाकारली. शेकडो सहकाऱ्यांनी आणि वाचकांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली आणि १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. त्यांनी काढलेल्या हजारो पानांचा तो एक अंश होता. १९९४ मध्ये ते वारले.

२००९ मध्ये त्यांच्या वारसांनी हक्क परत मागणाऱ्या नोटिसा दिल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. येथे माझ्या आजच्या विषयाचा गाभा येतो. या खटल्यात स्टॅन ली यांची साक्ष झाली आणि ती कंपनीच्या बाजूची होती. कल्पना आपल्या होत्या, चित्रकारांना त्या आपण नेमून दिल्या, असा तिचा आशय होता. न्यायालयाने २०११ मध्ये आणि वरिष्ठ न्यायालयाने २०१३ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालय प्रकरण ऐकावे की नाही याचा विचार करणार, त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही पक्षांनी आपसांत समझोता केला. त्यानंतर मार्व्हलच्या पानांवर आणि चित्रपटांत कर्बी यांचे नाव अधिक ठळकपणे येऊ लागले.

स्टॅन ली खोटे बोलले असे मी म्हणत नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका खोलीत दोन माणसांत काय बोलणे झाले, ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि त्यांतील एक हयात नव्हता. परंतु दोन गोष्टी आपण ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, ली यांचा कंपनीशी तहहयात मोबदल्याचा करार होता. दुसरी म्हणजे, त्याच ली यांनी २००२ मध्ये चित्रपटांच्या नफ्यातील आपल्या वाट्यासाठी त्याच कंपनीवर दावा लावला होता आणि २००५ मध्ये तो एक कोटी डॉलरवर मिटला. त्यांना वाटा मागता आला, कारण तो त्यांच्या करारात लिहिलेला होता. कर्बींकडे तसा कागद नव्हता. जो मनुष्य स्वतःच्या बाबतीत प्रकाशकाशी भांडू शकतो, तोच दुसऱ्याच्या बाबतीत त्याची बाजू मांडतो, यात ढोंग असेलच असे नाही. आपला अनुभव हाच सर्वांचा अनुभव, असे मनुष्याला सहज वाटते.

हे मी इतक्या खात्रीने कसे सांगतो? मीही ते केले आहे म्हणून.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या प्रकाशकासाठी चित्रे काढीत होतो, त्यांच्याकडेच माझ्याहून वयाने वडील असे एक चित्रकार काम करीत. त्यांनी उभी केलेली एका खोडकर मुलाची चित्रमालिका फार लोकप्रिय झाली. तिची हिंदी आणि गुजराती पुस्तके निघाली, दिनदर्शिकेवर तो मुलगा झळकला, वह्यांच्या वेष्टनांवरही आला. चित्रकाराला मिळाले ते पहिल्या वेळचे पानाचे पैसे. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या पावतीवर ‘सर्व हक्कांसह’ एवढे दोन शब्द होते आणि खाली त्यांची सही होती. त्यांनी एका नियतकालिकात ही तक्रार मांडली. भाषा थोडी कडवट होती.

मला कोणी सांगितले नव्हते, तरी मी त्याच नियतकालिकाला पत्र लिहिले. प्रकाशकांनी माझ्या आईच्या आजारपणात आगाऊ पैसे दिले होते, माझे मानधन कधी एक दिवसही थकविले नव्हते, आणि मुलांसाठी तोट्यात पुस्तके काढणारी अशी माणसे विरळा, असे मी त्यात लिहिले. अक्षरन् अक्षर खरे होते. पत्र छापून आले. प्रकाशकांनी त्याविषयी एक शब्दही काढला नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्यांच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ माझ्याकडे आले. ते माझ्या कामाचे फळ होते की पत्राचे, हे मला आजवर कळलेले नाही, आणि आता कळण्याचा मार्गही उरलेला नाही. खरे सांगायचे तर, हे न कळणे हीच त्या पत्राची शिक्षा आहे.

काही महिन्यांनी एका प्रदर्शनात ते चित्रकार भेटले. मी अवघडलो. ते शांतपणे म्हणाले, “तुमचे पत्र वाचले. तुमच्या आईंना आता कसे आहे?” मी बरे आहे म्हणालो. मग ते म्हणाले, “पत्रात माझ्या पावतीविषयी काही नव्हते.” एवढेच. त्या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. त्यांचा प्रश्न एका कागदाविषयी होता आणि मी उत्तर दिले ते एका माणसाच्या चांगुलपणाविषयी. प्रकाशक भला आहे हे सिद्ध केल्याने करार न्याय्य ठरत नाही. आणि करार अन्याय्य म्हणून प्रकाशक दुष्ट ठरत नाही. मी मात्र हे दोन्ही एकत्र कालवले आणि त्या कालवाकालवीत एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याचा प्रश्न बुडवून टाकला.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात. मी ते मानतो. परंतु मीठ मी खाल्ले होते. त्याची फेड मी दुसऱ्याच्या ताटातून केली.

प्रकाशकाची बाजूही मांडणे अगत्याचे आहे, नाहीतर माझा तो दोष मी उलट्या दिशेने करीन. दहा पुस्तकांतील एखादे चालते आणि उरलेल्यांचा खर्च तेच काढते. चित्रकथेत तर पेन्सिलकाम एकाचे, शाईकाम दुसऱ्याचे, अक्षरे तिसऱ्याची, रंग चौथ्याचे. आणि ती पात्रे ऐंशी वर्षे जिवंत राहतात ती पुढच्या शेकडो हातांमुळे. हक्क सगळ्यांत वाटला तर पुस्तक निघणेच अवघड होईल, या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय चित्रकार मालक झाला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. १९९२ मध्ये मार्व्हलमधील सात लोकप्रिय चित्रकारांनी बाहेर पडून इमेज नावाची संस्था काढली. निर्मात्याचा हक्क निर्मात्याकडेच, हे तिचे ब्रीद होते. त्यांतील टॉड मॅकफार्लेन यांच्यावरच पुढे नील गेमन या लेखकाने, आपण निर्मिलेल्या पात्रांतील वाट्यासाठी दावा लावला आणि वरिष्ठ न्यायालयाने २००४ मध्ये तो गेमन यांच्या बाजूने कायम केला. खुर्ची बदलली की नजर बदलते. म्हणून भरवसा माणसावर ठेवावा, पण कागद स्पष्ट असावा.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत पुष्कळ अंशी कलावंताला अनुकूल आहे, आणि तो माहीत नसतो ही आपली खरी अडचण आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना नोकरीचे म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण वृत्तपत्र वा मासिकाच्या नोकरीत केलेल्या कामाबाबत मालकाचा हक्क नियतकालिकातील प्रसिद्धीपुरताच. बाकीचा हक्क लेखक-चित्रकाराकडे राहतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले रंगचित्र वा व्यक्तिचित्र मात्र, वेगळे ठरलेले नसेल तर, सांगणाऱ्याचे होते. तेथे सावध असावे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर किती काळासाठी हे लिहिलेले नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेले नसेल तर भारतापुरताच. आणि हक्क पूर्ण विकला तरीही, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार कलावंताकडे उरतो; तो कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमात आहे. गुरुजींचा पहिला नियम तेथे छापलेला आहे, असे मला ते कलम वाचताना वाटले.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या चित्रे काढतील, लिहितील, संगणकावर काम करतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचा: काय देत आहात, किती काळासाठी देत आहात, आणि नाव राहणार की नाही. न कळल्यास विचारा. विचारल्याने जो रागावतो, त्याच्याकडे सही करण्याची घाई करू नका. आणि कधी आपल्या मालकाची, संस्थेची वा प्रकाशकाची बाजू चारचौघांत मांडावीशी वाटली, तर जरूर मांडा. कृतज्ञता हा गुण आहे. मात्र पहिल्याच वाक्यात सांगा की यांचे काम मी करतो, यांचे पैसे मला मिळतात. मग तक्रार करणाऱ्याचा कागद मागून घ्या, वाचा आणि त्या कागदाविषयी बोला. तो वाचला नसेल, किंवा त्याविषयी बोलण्याचे धैर्य नसेल, तर गप्प राहणे अधिक सभ्यपणाचे. मला बरे वागविले, ही साक्ष माझ्यापुरती खरी असते. दुसऱ्याच्या दाव्यात तिला पुरावा करू नये.

ते वडीलधारे चित्रकार आता हयात नाहीत. त्यांच्या निधनानंतर मी प्रकाशकांच्या पुढच्या पिढीला भेटलो आणि त्या मालिकेच्या नव्या आवृत्तीवर त्यांचे नाव ठळक घालावे, एवढी विनंती केली. त्यांनी ती तत्काळ मान्य केली. आजवर कोणी मागितलेच नव्हते, असेही ते म्हणाले. पैशाचे मी बोललो नाही. तो अधिकार त्यांच्या मुलांचा. पुस्तक आले तेव्हा मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचे नाव होते. ते मुखपृष्ठ नव्याने रंगविण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्याखाली मी माझी सही घातली नाही. आत, छोट्या अक्षरांत, रंगकाम म्हणून माझे नाव आहे. आकाश तेवढे मी रंगविले होते.

गुरुजींना हे दाखविता आले असते तर बरे वाटले असते.